निर्मलाबाईंची न व्यालेली म्हैस

"अशी माउली शतकातून एकदाच जन्माला येते," नवनीत सर माईकवर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

गेल्या मंगळवारी पाडळद्याला जी माउली वारली, तीही शतकातून एकदाच जन्मली होती. त्याच्या आदल्या शुक्रवारी मंदाण्याला एक आजोबा वारले, तेही. शहादा तालुक्यातली शतकं अलीकडे फार लवकर संपतात.

नवनीत सर पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होते आणि तिथं त्यांचं कोणी ऐकत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्याच्या, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन हाती घेतलं. आता चारशे-पाचशे माणसं त्यांचं शेवटपर्यंत ऐकतात, कारण जेवण त्यांच्या नंतर असतं.

म्हसावदच्या त्या मांडवात पहिल्या ओळीत, पांढरं कापड घातलेल्या सोफ्यावर दोधूआप्पा बसले होते. डोकं गुळगुळीत केलेलं, खांद्यावर नवा टॉवेल, आणि सदऱ्याच्या खिशात एक जुनं आंतर्देशीय पत्र. निर्मलाबाई त्यांची बायको. तिला जाऊन तेरा दिवस झाले होते. स्टेजच्या मागं पंधरा फुटी बॅनर होता. त्यावर वरच्या बाजूला सात पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, उजवीकडे वर्दीतले तरुण दोधूआप्पा, आणि खालच्या कोपऱ्यात निर्मलाबाई. तिचा वेगळा असा फोटोच घरात नव्हता. मुलानं, भाग्येशनं, आधार कार्डावरचा मोठा करून घेतला होता. त्यात ती मशीनवर बोटं ठेवायला सांगितलेल्या माणसासारखीच दिसत होती.

"आप्पा, शेवटी तुम्ही दोन शब्द बोला," भाग्येशनं तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. तो सुरतेला कापडाच्या कंपनीत होता आणि 'दोन शब्द' हे त्याला अगदी सोपं काम वाटत होतं.

आप्पांना दहा दिवस झोप नव्हती ती त्या दोन शब्दांपायी. तिच्याबद्दल एक तरी गोष्ट सांगायची, जी फक्त तिची असेल. आपली नाही, गावाची नाही, तिची. एवढं एक काम आपल्या हातून नीट व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं. चोवीस वर्षं फौजेत गेली, वर्षातून दोनदा महिनाभर सुट्टी. पुढची वीस-बावीस वर्षं एका घरात काढली, तर त्यातली निम्मी त्यांनी ओट्यावर पेपर वाचण्यात घालवली. तिला कशाची भीती वाटायची, हे त्यांना सांगता येईना. तिला काय आवडायचं, हे आठवायला बसले तर स्वतःला काय आवडतं त्याचीच यादी तयार व्हायची आणि ते सगळं ती करून वाढायची. शेवटी त्यांनी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. तिच्यात निर्मलाबाईंनी पाठवलेली पत्रं होती, शेकड्यानं. त्यांनी ती सगळी वाचली. सगळ्यांत एकच मजकूर होता, फक्त तारखा बदलत होत्या. त्यातल्या त्यात भरलेलं एक त्यांनी निवडलं.

आता भाषणं चालली होती.

पहिले सोसायटीचे चेअरमन बोलले. त्यांनी निर्मलाबाईंना एक वाक्य दिलं आणि मग ते जे बर्फात शिरले ते बाहेरच येईनात. "उणे तीस अंश तापमानात, छातीचा कोट करून, ज्या हातांनी दोधूआप्पांनी शत्रूला थोपवलं," वगैरे. आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते लंगरमध्ये होते, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. त्या हातांनी त्यांनी दोनशे माणसांच्या पुऱ्या लाटल्या होत्या, रोज. शत्रू त्यांनी एकदाच पाहिला, तोही दुर्बिणीतून, आणि तोही तेव्हा कांदेच चिरत होता. हे त्यांनी गावात हजार वेळा सांगितलं होतं. गावाला ते चालत नव्हतं. प्रत्येक गावाला एक शूर माणूस लागतो आणि म्हसावदच्या वाट्याला नेमके हे आले होते.

नंतर आणखी दोघं बोलले. त्याग, समर्पण, दीपस्तंभ, चंदन. आप्पांना वास आला. आचाऱ्याचं नाक ते. तेल एकदा तापवलं की त्याला एक वास असतो, दुसऱ्यांदा दुसरा. तिसऱ्यांदा त्याच तेलात तळायला घेतलं की वास नाकातून थेट पोटात जातो आणि तिथंच राहतो. हे शब्द किती माणसांच्या तेराव्याला तापवले असतील कोण जाणे. माणसं मात्र माना डोलवत होती आणि मधूनच मागं वळून पत्रावळी मांडल्या का, ते बघत होती.

मग धनसिंग उठला.

धनसिंग म्हणजे आप्पांचा चुलतभाऊ, दोघांची वावरं लागून. अत्तर लावून आला होता. माईक हातात घेतला आणि बोलण्याआधीच रुमाल काढला.

"वहिनी गेल्या," तो म्हणाला, "आणि माझी आई दुसऱ्यांदा गेली. दादा सीमेवर होते, पण वहिनींना आम्ही एकटं पडू दिलं नाही. सावलीसारखे पाठीशी उभे राहिलो. त्यांच्या शेताकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं असतं, तर आधी या धनसिंगला ओलांडून जावं लागलं असतं."

तो डोळे पुसत खाली उतरला आणि जाता जाता आप्पांच्या गळ्यात पडला. अत्तर, घाम आणि रुमालातला सुपारीचा वास असा एकदम आप्पांच्या तोंडावर आला. त्यांनी श्वास धरून ठेवला. बायकांच्या बाजूला कोणीतरी मोठ्यांदा खाकरलं.

"आणि आता," नवनीत सर म्हणाले, "ज्या क्षणाची आपण सर्वजण आतुरतेनं वाट पाहत आहोत." काही माणसं जेवणासाठी उठू लागली. "बसा, बसा. दोधूआप्पा मनोगत व्यक्त करतील."

आप्पा उभे राहिले. भाग्येशनं मोबाइल समोर धरला. आप्पांनी खिशातून पत्र काढलं. घड्यांवर झिजलेलं, निळं. चष्मा लावला.

"माले काही बोलता येत नही," ते म्हणाले. "तिनंच पत्र वाचस."

आणि त्यांनी वाचलं:

"म्हसावद, दिनांक १४ मे १९९२. श्री. दोधू यांस सौ. निर्मलाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, तुमचे पत्र पोचले. इकडे सर्व ठीक आहे. भाग्येश खुशाल आहे, दिवसभर खेळतो. शेताचे काम वेळेवर चालू आहे. धनसिंगभाऊजी येऊन-जाऊन असतात. आपली म्हैस व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. दूध भरपूर आहे. तुम्ही तिकडे तब्येतीस जपावे. इकडची काळजी करू नये."

पत्र संपलं. आप्पांना वाटलं होतं, मोठ्यानं वाचलं की त्यात काहीतरी सापडेल. काही सापडलं नाही.

नवनीत सरांनी मात्र संधी सोडली नाही. दुसरा माईक होताच. "पाहिलंत? पती सीमेवर, अंगावर सगळा संसार, आणि पत्रात तक्रारीचा एक शब्द नाही. का नाही? कारण मंडळी, त्या माउलीच्या मनात तक्रार नव्हतीच."

"नव्हती कशी, सर?"

आवाज बायकांच्या बाजूनं आला. शोभाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. आप्पांच्या शेजारच्या घरातल्या. सातवी झालेल्या, म्हणजे त्या काळी त्या गल्लीतल्या एकमेव शिकलेल्या सूनबाई. निर्मलाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती, त्यामुळं ट्रंकेतलं प्रत्येक पत्र शोभाबाईंच्या हातचं होतं. हे आप्पांना माहीत होतं. दहा दिवस ते पत्रं उलटसुलट करत होते, पण भिंतीपलीकडं जाऊन शोभाबाईंना विचारावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पेनाला कोण विचारतं?

"तक्रार भलती व्हती," शोभाबाई म्हणाल्या. "मी लिखी नही, येवढंच."

"मावशी, वेळेअभावी आपण..." नवनीत सर सुरू झाले.

"सर, थांबा," आप्पा म्हणाले. लंगरमध्ये उकळत्या कढईशी कोणी आलं की ते याच आवाजात सांगायचे. सर थांबले. "वहिनी, काय व्हतं तधय?"

"आठे सांगू? लोकस्ले भुका लागी ऱ्हायन्यात."

"लागू द्या."

शोभाबाईंनी पदर खोचला.

"त्या हप्तामा भाग्या तापमा फणफणी ऱ्हायना व्हता. चार वरीसना पोऱ्या, सात दिन डोया उघाडे ना. आनि त्याच हप्तामा तुमना वावरमा नांगर घुसना. बांध फोडीसन. कोना नांगर, ते मी सांगत नही. आतेच रडीसन खाले उतरना, त्यास्ले इचारा."

धनसिंगनं रुमाल मानेवरून फिरवला आणि तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. मोबाइल उलटा धरला होता.

"निर्मला पोऱ्याले लीसन नांगरना म्होरे जाई बसनी. वैशाखनं ऊन. म्हने, पह्यले आम्हना दोन्हीस्वरतीन चालाडा, मंग बांध फोडा. बैल तवढ्यामाच हाटनात. मानूस दोन दिन हाटना नही. दोन दिन ती तठेच बसनी. मी पानी लयी जाऊ, पोऱ्याना डोकावरलं फडकं ओलं करू. तुमनं पत्र येल व्हतं. तठेच बसीसन माले म्हने, शोभा, जवाब लिख. भाग्येश खुशाल शे, दिवसभर खेयस."

भाग्येशनं धरलेला मोबाइल हळूहळू खाली आला. आता तो मांडवाच्या सतरंजीचं चित्रीकरण करत होता.

"मी सांगं तिले, निर्मला, खोटं काब्र सांगस? धनीले कयू दे. ती म्हने, तो दोनशे मान्सस्नं रांधस. त्यान्हा हात कापना तर दोनशे जन उपाशी ऱ्हातीन. वर्तीन शप्पथ घाली, मी जित्ती शे तोपर्यंत सांगू नको. आते ती नही."

आप्पांनी पत्राकडं पाहिलं. तेच पत्र. 'धनसिंगभाऊजी येऊन-जाऊन असतात.' खरंच होतं की. त्या ओळीत एक शब्द खोटा नव्हता.

"आनि म्हैस?" त्यांनी विचारलं.

"कोनती म्हैस?"

"व्यायनी ती."

"ती कशानी व्यास, भाऊ. भाग्याना दवाखानाकरता ती त्याच सोमवारे इकी टाकी."

"पारडी लिखेल शे आठे. कपायवर ठिपका."

शोभाबाई पहिल्यांदाच थोड्या ओशाळल्या. "ती मी लिखी," त्या म्हणाल्या. "पत्र भलतं रिकामं दिखी ऱ्हायनं व्हतं. ठिपका बी मन्हाच. मंग तुम्हीन तिनं नाव ठेवं, राणी. दर पत्रमा इचारा, राणी काय खास, राणी केवढी झायी. आम्हले तिले वाढवनी पडनी."

मागच्या ओळीत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

आप्पा हसले नाहीत. त्यांना आठवलं, ते पत्र मिळालं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या कंपनीला शिरा खाऊ घातला होता. सुभेदारसाहेबांनी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणे घरी पारडी झाली. दोनशे जवानांनी न व्यालेल्या म्हशीच्या न झालेल्या पारडीचा शिरा बोटं चाटून खाल्ला होता.

इथवर ठीक होतं. पण आठवण म्हणजे भांडं घासण्यासारखी असते, एकदा राख लावली की बुडापर्यंत जावं लागतं. त्याच वर्षी डिसेंबरात ते सुट्टीवर आले आणि आल्या आल्या गोठ्यात गेले होते. गोठा रिकामा. राणी कुठंय? निर्मलाबाई म्हणाली, विकली. मागच्याच आठवड्यात. आप्पांचा पारा चढला. मला न विचारता? माझ्या पारडीला? ते तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. महिनाभराच्या सुट्टीतले दोन दिवस. तिनं समजूत घातली नाही, रडली नाही. वाढायची, पाणी द्यायची, आणि खालमानेनं आत जायची.

आणि ते दोन दिवस ते कुठं बसले होते? धनसिंगच्या ओट्यावर. कॅन्टीनची बाटली त्यांनी स्वतः नेली होती, खास त्याच्यासाठी, घराकडं लक्ष ठेवतो म्हणून. बांधापलीकडच्या त्याच्या वावराकडं तोंड करून दोघं पीत बसले होते. धनसिंग म्हणाला होता, "जाऊ द्या दादा, बायास्ले काय समजस." आणि आप्पांनी "खरं शे," असं म्हणून त्याचा पेला भरला होता. मध्येच निर्मलाबाई आली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात ताटली. दोघांसाठी भजी आणली होती तिनं. गरम. आप्पांनी एक तोंडात टाकून मीठ कमी आहे असं सांगितलं होतं.

तिसऱ्यांदा तापवलेल्या तेलाचा वास पुन्हा नाकात आला. या वेळी तो ना नवनीत सरांकडून येत होता, ना धनसिंगकडून. आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. वास तिथंच होता.

"दादा," धनसिंग जागेवरूनच म्हणाला, "मयतनं कार्य शे. जुनं काय उकरनं? त्या टाईमले मोजणी चुकेल व्हती."

"धनसिंग," आप्पा म्हणाले, "त्या भजीस्मा मीठ बरोबर व्हतं."

धनसिंगला काहीच कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. आप्पांनी माईक तोंडाजवळ घेतला. चारशे माणसं त्यांच्याकडं पाहत होती. इतकी वर्षं जे सांगून कुणी ऐकलं नाही, ते त्यांनी आणखी एकदा सांगितलं.

"मी चोवीस वरीस पुऱ्या लाटत ऱ्हायनू. मन्हा म्होरे कधी नांगर उना नही. तिन्हा म्होरे उना." पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "माले आज समजनं. बस."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळेना. एकानं वाजवली आणि हात खाजवू लागला. नवनीत सर मात्र तयारीचे. "अत्यंत हृदयस्पर्शी," ते म्हणाले. "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून माउलीला श्रद्धांजली वाहू या." सगळे उभे राहिले. म्हसावदची दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपली, कारण तेवढ्यात वाढप्यानं मागं वरणाची बादली आपटली. मग जी माणसं स्तब्ध होती ती पंगतीकडं अशी निघाली, की सरांना समारोप माईकऐवजी पाठींना उद्देशून करावा लागला. भाऊबंदांना मानाचा म्हणून द्यायच्या टोपी-टॉवेलाचा ढीग टेबलावर तसाच राहिला. धनसिंगचा मान होता त्यात पहिला. तो जेवायला थांबला नाही, पण जाताना कोणाचं लक्ष नाही असं पाहून आपला टॉवेल घेऊन गेला.

भाग्येश आप्पांजवळ आला. काहीतरी विचारायचं होतं त्याला. मोबाइल खिशात ठेवून तो म्हणाला, "आप्पा, मी खरंच सात दिवस...?" आप्पांनी मान हलवली, म्हणजे मलाही आत्ताच कळलं. मग दोघंही बॅनरच्या खालच्या कोपऱ्याकडं बघत राहिले. तिथं ती पूर्वी बोटं ठेवायला सांगितल्यासारखी दिसत होती. आता आप्पांना ती कुणाच्या तरी बैलाकडं रोखून बघत असल्यासारखी वाटली. अर्थात फोटो तोच होता.

पंगत बसली. आप्पा बायकांच्या बाजूला गेले. शोभाबाई मांडवाच्या दारात वाकून खाली काहीतरी बघत होत्या. चपलांचा सडा पडला होता, त्यात त्या पायानं एकेक बाजूला सारत होत्या.

"वहिनी," आप्पा म्हणाले. पस्तीस वर्षांत शोभाबाईंशी ते 'लाइट गई का' आणि 'पेपर उना का' यापलीकडं बोलले नव्हते. "घरमा ट्रंक भरी पत्रं शेतस. परत्येकनी तारीख शे. तुमले आठवस तितलं माले सांगा. काय काय दपाडं तिनी, पत्रमा येऊ दिनं नही, ते. उद्यापासून. रोज एक. मन्हावर तेवढे उपकार करा."

शोभाबाई सरळ झाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आप्पांचेही. मांडवात वाढप्यांची आरडाओरड चालू होती आणि त्या दोघांना ती ऐकू येत नव्हती.

"सांगसू भाऊ," त्या म्हणाल्या. "सगळं सांगसू. पन पह्यले मन्ही चप्पल सापडी द्या. कोनी तरी मन्ही घाली गयं आनि ही दोन्ही डावा पायन्या ठी गयं."